आंतोनिओ मोस्केनी

आंतोनिओ मोस्केनी (१८५४ – १५ नोव्हेंबर १९०५) हे भारतात येऊन चर्चच्या भिंती व छते रंगवणारे इटालियन चित्रकार आणि येशूसंघाचे (जेझुइट) धर्मबंधू होते. मंगळूरचे संत अलॉयसियस चॅपेल, मुंबईतील कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल आणि कोचीचे सांताक्रूझ बॅसिलिका येथे त्यांची चित्रे आहेत.

जीवन

मोस्केनी यांचा जन्म उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या स्तेझ्झानो या गावी झाला. बेर्गामोच्या कर्रारा अकादमीत ते चित्रकला शिकले. १८८९ मध्ये व्यवसाय सोडून ते येशूसंघात दाखल झाले. कुंचला मात्र सुटला नाही. १८९८ मध्ये ते मंगळूरला आले.

चित्रपद्धती

फ्रेस्को म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेले चित्र. गिलावा वाळताना रंग भिंतीशी एकजीव होतो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करतात आणि चुकल्यास तो खरवडून काढावा लागतो. मराठवाड्यातील वाचकांच्या परिचयाची अजिंठ्याची चित्रे या अर्थाने फ्रेस्को नव्हेत. ती कोरड्या गिलाव्यावर डिंकासारखे चिकट द्रव्य मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत.

या कलेतील सजावटीला जुना इतिहास आहे. १४८० च्या सुमारास रोममध्ये सम्राट नीरोच्या गाडल्या गेलेल्या प्रासादातील रंगीत दालने उजेडात आली. तेथील वेली, पुष्पमाला व चमत्कारिक प्राणी पिंतुरिक्कियो, राफाएल आदी प्रबोधनकालीन चित्रकारांनी उचलले. राफाएल व त्याच्या सहकाऱ्यांनी व्हॅटिकनमधील सज्जात बायबलमधील प्रसंगांभोवती हीच नक्षी गुंफली. ज्या रोमने आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याच रोमची नक्षी पोपच्या प्रासादात मानाने बसली, हे विशेष.

मोस्केनी याच परंपरेतले. मंगळूरच्या छतावर त्यांनी राजवारसा सोडून रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १५९१ मध्ये निवर्तलेल्या संत अलॉयसियस गोंझागाचे चरित्र रंगवले. तिरप्या छतावरील चित्रांत फुलांच्या माळा घेतलेले बालदेवदूत आहेत. माळा वाहणारी अशी बालके प्राचीन रोमन शवपेट्यांवरही कोरलेली आढळतात. तेथील काही चित्रे फ्रेस्को, तर काही कॅनव्हासवर तैलरंगात आहेत.

मुंबई व कोची

मुंबईचे होली नेम हे गॉथिक शैलीचे चर्च १९०५ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या अंतर्भागातील फ्रेस्को मोस्केनी यांचे आहेत. कोचीत मंगळूरचे शिष्य द गामा त्यांच्या मदतीला होते. तेथील अंतिम भोजनाच्या चित्रावर लिओनार्दो दा विंचीची छाप स्पष्ट दिसते. त्या चर्चचे पवित्रीकरण १९ नोव्हेंबर १९०५ रोजी झाले. मोस्केनी त्याआधी चार दिवस कोचीतच वारले.