भीमाला सांभाळले कोणी?

चळवळीत एक प्रश्न कधी अजेंड्यावर येत नाही, पण तो घरोघरी आहे. नवरा-बायको दोघे नोकरीला. मूल दीड वर्षाचे. गावाकडून आजीला आणायचे की पोरालाच गावी ठेवायचे, शेजारच्या मावशीकडे सोपवायचे की पाळणाघरात घालायचे? वकिलीच्या निमित्ताने आमच्यासमोर जी कौटुंबिक प्रकरणे येतात, त्यांतल्या कितीतरी भांडणांची सुरुवात इथेच झालेली असते. आणि महिला आघाडीच्या बैठकीला बायका का येत नाहीत, असे विचारणाऱ्या आमच्या नेत्यांनी तरी आपल्या घरचे मूल त्या वेळी कोणाकडे असते, हे एकदा पाहावे!

बाबासाहेबांचे चरित्र आपण महाडपासून वाचतो. आज ते दुसऱ्या टोकाने वाचू या. भीमाला सांभाळले कोणी?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत रामजी सुभेदार आणि भीमाबाईंच्या पोटी चौदावे अपत्य जन्मले. चौदांपैकी बरीच मुले लहानपणीच दगावली होती. फौजेतून निवृत्त झाल्यावर सुभेदार आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे भीमाबाई गेल्या. भीम तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. घरात मुले आणि बापाच्या पाठीशी एक अपंग बहीण, मीराआत्या. उंचीने ठेंगणी, पाय अधू. पुष्कळदा तिलाच उचलून न्यावे लागे. माया मात्र अपार. पुढे जगभर फिरून आलेल्या बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत तिच्याइतकी प्रेमळ बाई पाहिली नाही असे नोंदवले आहे, आणि घरकामात तिचा उपयोग होत नसे हेही तितक्याच सरळपणे लिहिले आहे. आम्हाला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. घरातले माणूस प्रेमळ आहे एवढ्यावर मुलाची व्यवस्था लागली, असे होत नाही.

सुभेदारांना साताऱ्याबाहेर खटाव तालुक्यात कोरेगावला खजिनदाराची नोकरी होती. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. बाप कामावर आणि घरी आत्या, भीम, त्याचा थोरला भाऊ आणि थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. इतर बहिणी लग्न होऊन सासरी. चारही पोरे शाळेत जात आणि आल्यावर स्वतःच चूल पेटवत. भाकरी थापता येत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करत. शेजारी भले होते, ते लक्ष ठेवत. पण न्हाव्याची कात्री या मुलांच्या डोक्याला लागत नसे. केस थोरली बहीणच कापायची. शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि पाणी शिपायाने वरून ओतले तरच प्यायचे. शिपाई नसला तर तहानेले बसायचे. मुलांना सांभाळायला गाव असते म्हणतात. ते गाव आमच्या वाट्याला कधी आले?

१९०१ च्या उन्हाळ्यात बापाने मुलांना सुटीसाठी कोरेगावला बोलावले. निघत असल्याचे पत्र मुलांनी पाठवले, पण नोकराच्या हलगर्जीमुळे ते वडिलांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्टेशनवर नवे कपडे घातलेली ही पोरे वाट पाहत बसली. ती महार आहेत हे कळताच स्टेशन मास्तर मागे सरकला. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर बैलगाडी मिळाली. वाटेत पाण्याचा थेंब मिळाला नाही. डबा होता, पण पाण्यावाचून घास उतरेना. बाप असून, पगार असून, आत्या असून ती रात्र त्या मुलांनी उघड्यावर तहानेने काढली. रामजींच्या नियोजनात चूक एका पत्राची होती. बाकीची चूक समाजाची होती.

दुसरी आठवण आत्याच्या बटव्याची. रामजींनी दुसरे लग्न केले होते, ते भीमाला रुचले नव्हते. मुंबईला गिरणीत जाऊन कमवावे आणि बापाच्या जिवावर राहू नये, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या शेजारी झोपून रात्री तिचा बटवा काढायचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री बटवा हाती आला, त्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्यापाशी त्याने बेत सोडला आणि अभ्यासाला लागायचे ठरवले. आत्याची गरिबी त्या रात्री देशाच्या कामी आली, असे म्हणायला मोह होतो. पण गरिबीचे कौतुक आम्हाला करायचे नाही. बटव्यात गाडीभाडे असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

पुढे परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार आला. तीच स्वयंपाकघर, तीच अभ्यासिका. रामजी लवकर झोपत आणि रात्री दोनला उठून भीमाला अभ्यासाला बसवत. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकीकडे जाऊन दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले, आणि आता मूल सांभाळणारी होती माता रमाई. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार मुले गेली. नवरा परदेशी, घरात तंगी, औषधाची ओढाताण. यावर आपण गाणी गातो. पण त्या घराला दवाखाना आणि दूध कोणी द्यायला हवे होते, हे विचारत नाही.

बाबासाहेबांनी ते विचारले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांची मांडणी अशी होती, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तो भार मुळात सरकारचा. पण तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही मोकळे सोडता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि १९४६ मध्ये खाणींतल्या पाळणाघरांचे नियम आले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने पाळणाघर सक्तीचे केले. तेव्हा अट पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगारांची होती, १९७६ मध्ये ती तीसवर आली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा द्यावी लागली. पण धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी आपली आई यात कुठे बसते?

तिच्यासाठी अंगणवाडी आहे. ती १९७५ पासून आहे, पण बहुतेक गावांत वेशीच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दलित-आदिवासी वस्त्यांना अंगणवाडी लवकरात लवकर द्या असे सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी आल्यापासून तीन महिन्यांत ती उघडण्याचा हक्क मान्य केला. आपल्या किती वस्त्यांनी ती मागणी लेखी केली? पुढच्या बैठकीला येताना शाखाध्यक्षांनी आपल्या वस्तीतल्या सहा वर्षांखालील मुलांची यादी आणावी. नाव, वय, आई कामावर किती वाजता जाते, मूल कोणाकडे असते. अर्ज आम्ही लिहून देऊ. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे तो देताना पोच मात्र घ्यायची.