अश्वविद्येचे उपासक विष्णुपंत छत्रे

दिवाळी सरली आणि रानातील गवत वाळू लागले, की नगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतून धनगरांचे कळप चाऱ्याच्या शोधार्थ दूरदेशी निघतात. कळपाबरोबर त्यांची तट्टेही चालत असतात. उंचीने बेताची, अंगाने काटक आणि पायांनी घट्ट अशी ही तट्टे साऱ्या संसाराचे ओझे पाठीवर वाहतात. भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्यांची खुराडी, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि क्वचित एखादे झोपी गेलेले मूलही त्यांच्या पाठीवर असते. बहुतेक तट्टांच्या तोंडात लगाम नसतो. धनगरीण पुढे चालते, तोंडाने हलकासा आवाज करते, आणि तट्टू तिच्या मागोमाग मुकाट्याने वाट तुडवू लागते. त्या मुक्या जनावराचा आणि त्या स्त्रीचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असतो. हा विश्वास एका दिवसात जडलेला नसतो. शिंगरू आईच्या पायाशी घोटाळत असल्यापासून तो हळूहळू वाढलेला असतो.

हीच ती भीमथडीची तट्टे. नगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. तिच्या आणि नीरेच्या खोऱ्यांत निपजलेल्या या घोड्यांना अलीकडे एक स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. परंतु त्यांची कीर्ती जुनी आहे. मराठ्यांच्या फौजांनी याच घोड्यांच्या बळावर दूरदूरच्या मोहिमा केल्या. थोड्या दाण्यावर आणि थोड्या पाण्यावर दिवसेंदिवस चालणारे हे जनावर दक्षिणेच्या खडकाळ भूमीस साजेसे होते. त्या काळी प्रत्येक मोठ्या पागेत कोवळ्या घोड्यांना शिकवून तयार करणारे जाणते लोक असत. त्यांस चाबूकस्वार म्हणत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या आणि हजारो स्वार घरी बसले. पागा ओस पडू लागल्या. चाबूकस्वाराची विद्या उरली ती काही संस्थानिकांच्या आश्रयाला. ही विद्याही काळाच्या ओघात लयास जाणार, असे दिसू लागले असताना तिला एक नवे क्षेत्र मिळवून देणारा पुरुष महाराष्ट्रात निर्माण झाला. त्यांचे नाव विष्णु मोरेश्वर छत्रे. लोक त्यांना विष्णुपंत म्हणून ओळखत.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुस्तकी विद्येपेक्षा त्यांच्या मनाचा ओढा दोन गोष्टींकडे होता. एक गाणे आणि दुसरी घोडा. या दोन्ही गोष्टींचे उत्तम शिक्षण मिळण्याचे ठिकाण त्या काळी ग्वाल्हेर हे होते. ज्या शिंद्यांचे श्रीगोंदे येथे जुने ठाणे होते, त्याच शिंदे घराण्याची ती राजधानी. तेथे घोड्यांच्या पागा होत्या आणि गवयांना राजाश्रय होता. विष्णुपंतांनी ग्वाल्हेरची वाट धरली.

तेथे त्यांना दोन गुरू लाभले. अश्वविद्येत निष्णात असलेले बाबासाहेब आपटे यांच्याकडे ते घोडा शिकवण्याची कला शिकले, आणि ख्यालगायनातील थोर उस्ताद हद्दूखाँ यांच्या चरणाशी बसून त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. वरवर पाहता या दोन विद्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. तथापि दोहोंचा पाया एकच आहे. घाईने सूर साधत नाही आणि घाईने घोडाही साधत नाही. रोज थोडे, परंतु नेमाने, हाच दोन्ही ठिकाणी खरा मार्ग.

घोडा शिकवणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. निसर्गात घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे. शिकार होणारा प्राणी आहे. भय वाटताच पळत सुटणे, हेच त्याचे संरक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला सभोवतालचे पुष्कळसे दिसते. मात्र नेमके पाठीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक कोणी आले, तर तो दचकून लाथ झाडतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, ते त्याचे भय होय. त्याची स्मरणशक्तीही तीव्र असते. ज्या जागी त्याला मार बसला, ती जागा आणि तो हात तो दीर्घकाळ विसरत नाही. म्हणून जाणता शिक्षक प्रथम घोड्याचे भय ओळखतो आणि मगच त्याला शिकवू लागतो.

शिंगराला शिकवण्याची रीत मोठी सावकाशीची आहे. पहिले काही दिवस शिक्षकाने त्याच्या ठाणाजवळ केवळ बसावे. त्याने आपला वास घ्यावा, आपला आवाज ओळखावा, एवढीच अपेक्षा ठेवावी. मग त्याला दिसेल अशा बेताने बाजूने जवळ जावे आणि मानेवर व खांद्याच्या उंचवट्यावर हात फिरवावा. घोडे एकमेकांना याच जागी दातांनी हळूहळू खाजवतात; त्यामुळे तेथील स्पर्शाने त्यांचे मन शांत होते. रोजचा खरारा आणि रोजची चंदी एकाच हाताने झाली, म्हणजे त्या हाताची ओळख पटते. शिंगराचे कान हे त्याच्या मनाचे आरसे असतात. कान पुढे असले, तर ते लक्ष देत आहे. मागे घट्ट दाबले, तर ते रागावले आहे. मान खाली घालून ते ओठ चघळू लागले, की त्याच्या मनावरचा ताण उतरू लागला असे समजावे.

ओळख झाल्यावर मोहरकी चढवायची, तीही प्रथम थोडाच वेळ. दोर किंचित ओढावा, आणि शिंगराने एक पाऊल पुढे टाकताच तो तत्काळ सैल सोडावा. या सैल सोडण्यातच सारी शिकवण आहे. आपण म्हटल्याप्रमाणे केले, की ओढ थांबते, हे शिंगराला त्यातून समजते. पुढे लांब दोरावर त्याला गोल फिरवतात. यास कावा देणे म्हणतात. कावा उजवा आणि डावा, दोन्ही बाजूंनी सारखाच द्यावा लागतो, आणि जनावर थकण्यापूर्वी तो थांबवावा लागतो. त्यानंतर पाठीवर घोंगडी, मग रिकामे खोगीर, मग तंग. तोही एकदम न आवळता दिवसादिवसाने आवळायचा. वाटेत एखाद्या वस्तूला ते बुजले, तर मारून पुढे ढकलू नये. उभे राहू द्यावे, पाहू द्यावे, हुंगू द्यावे. मारले, तर त्या वस्तूचे भय मनात दुप्पट होऊन बसते. कोवळ्या हाडांवर लवकर भार पडू नये म्हणून स्वार बसवण्याची घाईही करायची नसते. दर दिवसाचा धडा शिंगराला जे साधले, त्यावरच संपवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते आनंदाने समोर येते.

ही रीत जगाला नवी नाही. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील क्सेनोफोन या सेनानीने घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातही घोड्याशी रागाने वागू नये, असाच उपदेश केलेला आहे. आपल्याकडेही शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्राची परंपरा फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. चाबूकस्वार या शब्दात चाबूक आहे खरा. परंतु उत्तम चाबूकस्वाराच्या हाती तो मारण्यासाठी नसतो. वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हातातील काठीप्रमाणे तो दिशा दाखवण्यासाठी असतो.

ही विद्या संपादन करून विष्णुपंत दक्षिणेत परतले. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी त्यांनी घोडे शिकवण्याचे काम केले आणि नाव मिळवले. त्याच सुमारास युरोपातील सर्कशी मुंबईस येऊ लागल्या होत्या. त्यांतील घोड्यांचे खेळ पाहून लोक थक्क होत. असे खेळ परकीयांनीच करावेत आणि आपण केवळ पाहावेत, अशी समजूत त्या काळी रूढ होती. विष्णुपंतांनी ते खेळ शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले. रिंगणातील घोडा जे करतो, ते आपल्या घोड्यांनाही शिकवता येईल, अशी त्यांची खात्री झाली. कुरुंदवाडकरांच्या पाठिंब्याने त्यांनी माणसे आणि जनावरे जमवली, आणि १८८० च्या सुमारास ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. भारतीयांनी काढलेली ही पहिली आधुनिक सर्कस होय.

सर्कस म्हटली, की आज पुष्कळांना वाघ-सिंह आणि झुले आठवतात. परंतु सर्कशीचा जन्म घोड्यामुळे झाला आहे. १७६८ मध्ये लंडन येथे फिलिप अ‍ॅस्ली या जुन्या घोडेस्वार शिपायाने गोल रिंगणात घोड्यांचे खेळ सुरू केले. गोलात धावणारा घोडा आतल्या बाजूस किंचित झुकतो, आणि त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वारास तोल सांभाळणे सोपे जाते. पुढे या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला, आणि जगभर तोच रूढ झाला. अशा रिंगणात दिव्यांचा झगमगाट असतो, वाद्यांचा गजर असतो आणि भोवती हजारो अनोळखी माणसे असतात. भित्र्या स्वभावाच्या जनावराला याहून भयंकर जागा कोणती असणार! तेथे शिक्षकाचा आवाज ऐकून जो घोडा शांतपणे धावतो, त्याच्या मनात शिक्षकाविषयी किती विश्वास असला पाहिजे, याची कल्पना करावी. त्या विश्वासात तसूभर उणीव पडली, तर पाठीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

विष्णुपंतांनी आपली सर्कस हिंदुस्थानच्या अनेक भागांत नेली. अशाच फिरतीत काशीक्षेत्री त्यांना एक अभागी मनुष्य भेटला. तो होता रहिमतखाँ, त्यांचे गुरू हद्दूखाँ यांचा पुत्र. गळ्यात अलौकिक सूर असलेला हा गवई व्यसनाने आणि मनाच्या विकाराने पार खचला होता. त्याला घर नव्हते, अंगावर धड वस्त्र नव्हते, आणि सांभाळणारेही कोणी नव्हते. विष्णुपंतांनी त्याला आपल्याबरोबर नेले. गुरुपुत्राचे ऋण त्यांनी केवळ अन्नवस्त्र देऊन फेडले नाही. मनाने बावरलेल्या माणसावर सक्ती करून काही साधत नाही, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? त्यांनी त्याला आपल्या सर्कशीबरोबर ठेवले, त्याची लहर सांभाळली, आणि रहिमतखाँ पुन्हा गाऊ लागले. पुढे लोकांनी त्यांस भूगंधर्व ही पदवी दिली. त्यांच्या गाण्याच्या काही ध्वनिमुद्रिकाही निघाल्या, म्हणून तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी रहिमतखाँचा सांभाळ केला. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे रहिमतखाँचे निधन झाले.

सर्कशीच्या दौऱ्यात १८८७ मध्ये विष्णुपंत मलबारातील तेल्लिचेरी येथे गेले. तेथे कीलेरी कुंञिकण्णन हे व्यायामविद्येचे शिक्षक होते. त्यांच्या तालमीतील मुले पाहून सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचा विचार निघाला, आणि कुंञिकण्णन यांनी ते काम अंगावर घेतले. १९०१ मध्ये त्यांनी सर्कशीचे स्वतंत्र शिक्षणालय काढले. पुढे भारतातील अनेक सर्कशींतील कलावंत याच भागातून आले. महाराष्ट्रातही देवल, कार्लेकर अशा मंडळींच्या सर्कशी उभ्या राहिल्या. कृष्णाकाठी लावलेले रोप असे दूरवर फोफावले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत निवर्तले. त्यानंतर सर्कशीचा व्यवसाय पुष्कळ वाढला आणि पुढे ओसरलाही. सर्वच शिक्षक विष्णुपंतांच्या परंपरेतील नव्हते. कित्येकांनी धाकाने आणि माराने मुक्या प्राण्यांकडून खेळ करून घेतले. अखेरीस १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ करण्यास शासनाने बंदी घातली. भयावर उभारलेली विद्या टिकत नाही, हेच त्यातून दिसून आले.

विश्वासावर उभारलेली विद्या मात्र राजाश्रय सरला, पागा मोडल्या, तंबू उतरले, तरी नाहीशी झालेली नाही. आजही भीमेच्या खोऱ्यात एखादा धनगराचा मुलगा नव्या शिंगराच्या मानेवरून हात फिरवीत उभा असतो. शिंगरू एकदा मागे सरते, दुसऱ्यांदा थबकते, आणि काही वेळाने आपण होऊन एक पाऊल पुढे टाकते. ते पाऊल पडेपर्यंत वाट पाहण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असते, तोच खरा शिक्षक. विष्णुपंत छत्रे यांनी आपल्या आयुष्यात हे धैर्य घोड्यांसाठी दाखवले, आणि प्रसंग आला तेव्हा माणसासाठीही दाखवले. म्हणूनच त्यांचे चरित्र स्मरणात ठेवण्याजोगे आहे.