शंभरी पाहिलेले देवधर सर

प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म 14 जानेवारी 1892 चा. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचं आणि पी.वाय.सी. हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट खेळायचं, हा त्यांचा शिरस्ता. 1926 साली एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी 148 धावा काढल्या. पण भारत पहिली कसोटी खेळला 1932 साली. सर तेव्हा चाळीस वर्षांचे! कसोटी खेळायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या कोणी बॅट माळ्यावर टाकली असती. सरांनी मैदान सोडलं नाही. त्यांच्या कप्तानीत महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. अठ्ठेचाळिशीत मुंबईविरुद्ध 246 धावा, तर बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं! सुंदर, सुमन, तारा या त्यांच्या लेकींनीही बॅडमिंटन गाजवलं. 24 ऑगस्ट 1993 रोजी सर गेले, ते वयाची शंभरी ओलांडून.

पंचवीस वर्षांपूर्वी तरुणपणी इथे राहायला आलेले आपण आता ज्येष्ठ झालो. शतक कोणी मागत नाही. पण संध्याकाळी टीव्ही बंद करून खाली तर या. बॅडमिंटन असो की कॅरम, खेळात सोबत मिळते. जिना उतरायला कंटाळा आला, की देवधर सर आठवावेत.