चार्ल्स लिंडबर्ग : एक हिरो, एक चूक

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून एक वाद सगळ्यांच्याच कानावर आला आहे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याला शस्त्रं देत राहायची, की दोघांना समोरासमोर बसवून तह करायला लावायचा? आमच्या मेसमध्ये त्यावरून एकदा पोळ्या गार झाल्या होत्या. नंतर कळलं की हाच वाद १९४०-४१ मध्ये अमेरिकेत झाला होता. तेव्हा तहाच्या बाजूने सगळ्यांत पुढे होता तो इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला एक माणूस. म्हणून ही त्याची गोष्ट.

चार्ल्सचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ चा, डेट्रॉइटचा. बालपण मिनेसोटातल्या लिटल फॉल्सजवळच्या शेतावर गेलं. आई केमिस्ट्रीची शिक्षिका, वडील खासदार. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात पडू नये म्हणून वडील भांडले आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पोरगा हे सगळं बघत होता.

१९२० मध्ये त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली. मार्कांची बोंबच होती! १९२२ मध्ये कॉलेज सोडून तो विमान चालवायला शिकला आणि पुढे टपालाची विमानं उडवू लागला. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं होतं. बाकीचे मोठी विमानं आणि दोन-तीन माणसं घेऊन तयारी करत होते. चार्ल्सने उलटा विचार केला. एकच इंजिन, एकच माणूस आणि बाकी सगळं वजन पेट्रोलचं. रेडिओ काढला, पॅराशूट काढलं. पेट्रोलची मुख्य टाकी त्याच्या समोरच बसवलेली, त्यामुळे पुढचं दिसायचंच नाही! २० मे १९२७ ला तो निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. वय फक्त २५. एका रात्रीत तो जगाचा हिरो झाला.

पण ही प्रसिद्धी त्याला फार महाग पडली. १ मार्च १९३२ ला त्याचं वीस महिन्यांचं बाळ घरातून पळवलं गेलं आणि दहा आठवड्यांनी त्याचं प्रेत सापडलं. पत्रकार पाठ सोडेनात. शेवटी १९३५ च्या डिसेंबरमध्ये तो आणि पत्नी ॲन देश सोडून इंग्लंडला गेले.

तिथून खरी गोष्ट सुरू होते. १९३६ ते १९३८ मध्ये जर्मनीने त्याला आपले विमानांचे कारखाने दाखवले. इंजिनिअरच्या डोळ्यांना दुसरं काय हवं? तो भारावून गेला. जर्मन हवाई दल युरोपातल्या बाकी सगळ्यांपेक्षा भारी आहे, असं त्याने १९३८ मध्ये कळवलं. हा अंदाज फुगलेला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये गोअरिंगने त्याला पदक दिलं. काहीच आठवड्यांनी जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली. चार्ल्सने पदक परत केलं नाही.

१९४० च्या जूनपर्यंत पोलंड, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स सगळे पडले. इंग्लंड उरलं. रूझवेल्ट यांनी इंग्लंडला युद्धसामग्री द्यायचा 'लेंड-लीज' कायदा पुढे आणला. २३ जानेवारी १९४१ ला चार्ल्सने संसदेच्या समितीपुढे विरोध केला. त्याचं म्हणणं असं होतं की मदतीने इंग्लंड जिंकणार नाही, फक्त युद्ध लांबेल आणि माणसं मरतील. कोणीच न जिंकता तह व्हावा हे बरं. हे ऐकणारे काही वेडे नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांची लाखाच्या वर मुलं गेली होती. त्याच्या 'अमेरिका फर्स्ट' संघटनेची सुरुवात तर येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केली होती. आणि घरात? खुद्द सासूबाई इंग्लंडला मदत करा म्हणून रेडिओवर बोलत होत्या!

मला वाटतं, चार्ल्सने विमानं मोजली, पण समोरच्याची सही कितपत खरी असते हे मोजलं नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला तह झालाच होता. सहा महिन्यांत हिटलरने उरलेल्या चेक भागात सैन्य घुसवलं. शिवाय तह झाला असता तर पोलंडच्या, फ्रान्सच्या माणसांचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. इंग्लंडची रडार आणि १९४० मध्ये जर्मनीपेक्षा जास्त लढाऊ विमानं बनवणारे कारखानेही त्याच्या हिशेबात नव्हते.

११ सप्टेंबर १९४१ च्या भाषणात तर त्याने अमेरिकेला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये इंग्रज आणि सरकार यांच्याबरोबर ज्यूंचंही नाव घेतलं. त्यानंतर त्याच्या जवळच्यांनीही तोंड फिरवलं. ते बरोबरच झालं.

७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं. चार्ल्सने सैन्यात परत घ्या म्हणून विनंती केली, पण सरकारने नकार दिला. मग १९४४ मध्ये तो कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून पॅसिफिकमध्ये गेला. आरपीएम कमी ठेवून इंधन कसं वाचवायचं आणि पल्ला कसा वाढवायचा, हे त्याने वैमानिकांना शिकवलं. चाळिशी ओलांडलेला, सैनिक नसलेला हा माणूस पन्नास लढाऊ मोहिमा उडाला.

१९४५ मध्ये त्याने जर्मनीत डोरा छळछावणी पाहिली. तिथे कैद्यांकडून व्ही-२ रॉकेट बनवून घेत होते. ज्या जर्मन तंत्रज्ञानाने तो भारावला होता, त्याची ही दुसरी बाजू. तो हादरला. पण १९७० मध्ये युद्धकाळातली डायरी छापली तेव्हाही आपली भूमिका चुकली, असं त्याने मान्य केलं नाही. २६ ऑगस्ट १९७४ ला हवाई बेटांवर तो वारला.

प्रत्येक युद्ध हिटलरचं नसतं आणि प्रत्येक तह म्युनिक नसतो, हे मलाही कळतं. पण मेसमध्ये पुन्हा हा वाद निघाला तर मी एवढंच विचारणार आहे, की तह मोडला तर कोण काय करणार आणि ज्यांची जमीन गेली त्यांना कोणी विचारलं का? मित्रांनो, आपण उद्याचे इंजिनिअर. आकडे आपल्याला येतातच. हे दोन प्रश्नही यायला हवेत.