विनोबांचे वजन आणि रोजची पाच मिनिटे

महिन्याभरात दहा किलो वजन उतरवायचे, असे ठरवून अनेक जण दवाखान्यात येतात. पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही आणि सगळेच सुटते. अशा वेळी पेण तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट उपयोगी पडते. त्यांना वजन कमी नव्हे, तर वाढवायचे होते. पण त्यांची रीत दोन्हीकडे चालते.

गागोदे ते पवनार

विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेणजवळच्या गागोदे गावी झाला. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेतच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

तब्येत मुळातच नाजूक. पुढच्याच वर्षी ते आश्रमातून रजा घेऊन वाईला गेले. तिथे शास्त्राभ्यासाबरोबर चालणे, दळण आणि सूर्यनमस्कार असा व्यायाम त्यांनी केला. १९२१ पासून ते वर्ध्याला होते. कष्ट भरपूर, आहार अगदी मोजका आणि त्यातही सतत प्रयोग. १९३८ पर्यंत वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले.

गांधीजींनी प्रकृतीकडे लक्ष देण्याचा आग्रह धरला. जागा मात्र विनोबांनी स्वतः निवडली : धाम नदीकाठचे पवनार. नदी ओलांडताना त्यांनी कामाच्या सगळ्या काळज्या मागे सोडायचे ठरवले. मग शेतात खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. रोज थोडी थोडी भर घालत, मध्ये मध्ये विसावा घेत ते दोन तासांपर्यंत पोहोचले. वजन १२८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५८ किलोंवर गेले.

१९४० साली ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. १९५१ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी भूदानासाठी पायी चालायला सुरुवात केली आणि पुढे तेरा वर्षे ते चालत राहिले. एका दिवसाचे उद्दिष्ट एवढेच, पुढचा मुक्काम. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

काट्यावरचा आकडा पूर्णपणे आपल्या हातात नसतो. पाणी, मीठ, मासिक पाळी, बद्धकोष्ठता यांनीही तो एक-दोन किलो इकडेतिकडे होतो. रोजची कृती मात्र हातात असते. म्हणून उद्दिष्ट कृतीचे ठेवा.

- आकडा माफक ठेवा. सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरेशी आहे. वजन ८० किलो असेल, तर ४ ते ८ किलो. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारू शकते. आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा जास्त घाई नको.
- सुरुवात लहान करा. पहिला आठवडा जेवणानंतर दहा मिनिटे चाला. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत पोहोचायचे आहे.
- ताटात एकच बदल करा. तीन तांदळाच्या भाकऱ्या खात असाल तर दोन घ्या आणि वालाची उसळ किंवा रश्शातले मासे वाढवा. तो बदल अंगवळणी पडला की पुढचा.
- आठवड्यातून एकदाच वजन करा. तोच वार, सकाळी, शौचानंतर, तोच काटा.
- खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. गणपतीत आठ दिवस गेले म्हणून सहा महिने वाया जात नाहीत.

काय घेऊ नये?

विनोबांचे आहाराचे कडक प्रयोग अनुकरणासाठी नाहीत. पुढे त्यांना पोटातल्या अल्सरचाही त्रास होता. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा; साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये.

आणि प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटले, तर आनंद मानू नका. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांची तपासणी करून घ्या.

घरच्यांसाठी

गांधीजींनी आग्रह धरला, पण कुठे जायचे ते विनोबांनी ठरवले. तुम्हीही तेच करा. ताटावर लक्ष ठेवून टोमणे मारू नका. त्या दहा मिनिटांच्या चालण्यात सोबत जा. आजच संध्याकाळी सुरुवात झाली तरी चालेल.