इन्सुलीच्या वाटेवरचा फणस
(संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे चरित्र)

गणेशोत्सवातल्या भजनाच्या संध्याकाळी एक पद हमखास ऐकायला मिळते. हरिभजनावाचून वेळ वाया घालवू नये, असे ते ऐकणाऱ्याला प्रेमाने बजावते. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी ते आपल्या गळ्यातून घरोघरी पोहोचवले. आपल्यापैकी अनेकांना त्याची चाल पाठ आहे. पदाच्या शेवटी कवीचे नाव येते, सोहिरा. पण हा सोहिरा कोण, असे घरातल्या मुलांनी विचारले तर आपण बहुधा गप्प बसतो. खरे तर हा कवी आपल्याला फार दूरचा नाही. कोकणातून निघालेल्या या मराठी माणसाचे अखेरचे दिवस आपल्या माळव्यात, भोपाळहून चार तासांच्या अंतरावरच्या उज्जैनमध्ये गेले. आणि साधू होण्यापूर्वी तो आपल्यासारखाच दप्तरात बसून कागद लिहिणारा माणूस होता.

सोहिरोबांचा जन्म १७१४ सालचा. त्यांचे पाळण्यातले नाव अच्युत. आंबिये घराण्याचे मूळ गाव गोमंतकाच्या पेडणे भागातले पालये. पुढे हे कुटुंब तेरेखोल नदीकाठच्या बांदा गावी राहू लागले. घराकडे गावचे कुळकर्ण होते. त्या काळी हा सारा मुलूख सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांच्या अमलाखाली होता.

कुळकर्ण म्हणजे काय, हे आजच्या पिढीला थोडे सांगायला हवे. गावात कोणाची जमीन किती, तिच्यावर सारा किती, भरला किती, राहिला किती, हे सगळे लिहून ठेवणारा तो कुळकर्णी. हातात बोरू, समोर मोडी लिपीतले कागद, आणि भिंतीशी रुमालात बांधलेली दप्तरे. गावातला प्रत्येक वाद शेवटी त्याच्या कागदाशी येऊन थांबायचा. रयत त्याला धरून असायची आणि दरबारही त्यालाच जाब विचारायचा. आज आपल्यातले कोणी सचिवालयात, कोणी बँकेत, कोणी भेलमध्ये आयुष्य काढले असेल, त्यांना ही दोन्हीकडची ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको.

त्यातून काळही धामधुमीचा. एकीकडे सावंत, दुसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज आणि त्यांच्यामध्ये सीमेवरची ही गावे. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतांकडून हळर्णचा किल्ला घेतला, तेव्हा अच्युतराव बत्तिशीच्या आसपास होते. अशा दिवसांत सीमेवरच्या गावाचा हिशेब सांभाळणे ही डोकेदुखीच होती. फौज आली की धान्य द्या, फौज गेली की सारा भरा.

लहानपणी त्यांना पोथीपुराणांची आणि एकांताची ओढ होती, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. पण घरची जबाबदारी अंगावर आली, लग्न झाले, मुले झाली, वतनाचे काम गळ्यात पडले. लहानपणची ओढ कोणी हिरावून घेतली नव्हती. ती रोजच्या कागदांखाली दबत गेली, इतकेच. देवघरातला दिवा लागत असेल, सणवार होत असतील, पण देवाजवळ घटकाभर बसायला सवड नव्हती. हे वाचून आपल्याला आपलेच घर आठवले तर त्यात नवल नाही.

मग त्यांच्या पस्तिशीच्या सुमारास तो दिवस आला, ज्याची कथा कोकणात आजही सांगितली जाते.

सावंतवाडीच्या दरबारातून तातडीचे बोलावणे आले होते. दिवस फणसाचे होते. घरून निघताना त्यांनी वाटेत खायला एक पिकलेला फणस बरोबर घेतला. बांद्याहून सावंतवाडीला जाताना मध्ये इन्सुलीचे रान लागते. ऊन चढले, पाय थकले. पाण्याची जागा बघून ते झाडाच्या सावलीला बसले आणि फणस फोडून गरे काढू लागले. डोक्यात अर्थातच दरबार होता. काय विचारतील, कोणता कागद मागतील, उशीर झाला तर काय म्हणतील.

तेवढ्यात एक योगी पुढे येऊन उभा राहिला आणि आपल्यालाही यातले काही मिळेल का, असे त्याने विचारले. अच्युतरावांनी सगळे गरे पानावर ठेवून त्याच्यापुढे केले. त्याने आनंदाने खाल्ले, उरलेले प्रसाद म्हणून त्यांच्या हातात दिले, मस्तकावर हात ठेवला आणि तो रानात दिसेनासा झाला. परंपरा मानते की ते गहिनीनाथ होते, ज्यांनी शतकांपूर्वी निवृत्तिनाथांना उपदेश केला, तेच.

या कथेवर कोणी कसा विश्वास ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. देव भेटायला आला तो कामाच्या वाटेवर, घाईच्या दिवशी, भर दुपारी. त्यासाठी अच्युतरावांनी रजा काढली नव्हती, तीर्थाला गेले नव्हते, अनुष्ठान मांडले नव्हते. घाईत असतानाही एका अनोळखी माणसासाठी ते थांबले आणि हातातले होते ते सगळे त्याच्यापुढे ठेवले. जुने नाते पुन्हा जोडायला तेवढे थांबणे पुरले.

त्या दिवसानंतर अच्युतरावांचे सोहिरोबा झाले. त्यांनी कुळकर्णाचे काम सोडून दिले आणि सुरुवातीला ज्या पदाचा उल्लेख केला ते याच वळणावर रचले गेले, असे सांगतात. हे ठाऊक झाले की त्या पदाचा अर्थ बदलतो. तो कोणा फुरसतीच्या साधूचा उपदेश राहत नाही. आयुष्याची ऐन वर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात घालवलेल्या माणसाला आपल्याच खात्यातली बाकी दिसली, तेव्हाचे ते शब्द आहेत.

काम सोडणे सोपे गेले नसणार. वतन म्हणजे पिढीजात उत्पन्न आणि गावातला मान. ते सोडले की पोराबाळांचे काय, हा प्रश्न घरातल्यांनी विचारला असेलच. नातेवाईकांनी वेडात काढले असेल. पोट आणि परमार्थ यांचा हा झगडा कोणालाच चुकलेला नाही. सोहिरोबांनी त्याचे उत्तर बोलून दिले नाही, पुढची वर्षे जगून दिले.

ती वर्षे त्यांनी कुठे काढली, हे पाहण्यासारखे आहे. साक्षात्कार झाला म्हणून ते लगेच घर सोडून निघाले नाहीत. जवळपास पंचवीस वर्षे ते बांद्यालाच, बायकामुलांत, आपल्याच ओसरीवर राहिले. ज्या हाताने साऱ्याचे कागद लिहिले, तोच हात आता ओव्या लिहू लागला. 'महदनुभवेश्वरी' हा त्यांचा मोठा ग्रंथ. त्याखेरीज 'सिद्धान्तसंहिता', 'अद्वयानंद', 'पूर्णाक्षरी' आणि 'अक्षयबोध' ही त्यांची रचना. विषय अद्वैताचा आणि नाथपंथी योगाचा, म्हणजे समजायला कठीण. पण पदे मात्र गाता येतील अशी सोपी. भजनात रंगले की त्यांच्या तोंडून पदे बाहेर पडत आणि त्यांची बहीण ती उतरवून घेत असे, असे सांगतात. ही बहीण नसती तर कितीतरी पदे कोकणच्या पावसाबरोबर वाहून गेली असती. घरात एकाने देवाकडे तोंड वळवले की बाकीच्यांच्या हातांनाही काम मिळते, ते असे.

साठीच्या सुमारास, घरची घडी बसल्यावर, ते उत्तरेच्या यात्रेला निघाले. वाहन नाही, ओळखी थोड्या, बोली वेगळी. कोकणातल्या माणसाला हा प्रवास म्हणजे दुसऱ्या जगात जाणे होते. पण ते या मुलुखात रमले. इथल्या लोकांशी बोलता बोलता त्यांनी हिंदीतही पदे रचली. आपली भाषा न सोडता इथली भाषा आपली करणे आपल्या घराण्यांना जमले आहे. त्या वाटेवर सोहिरोबा आपल्या कितीतरी आधी चालून गेले.

उत्तरेत तेव्हा महादजी शिंद्यांचा दबदबा होता. १७६१ च्या पानिपतातून जखमी होऊन परतलेल्या या सेनापतीने पुढे दिल्लीच्या बादशाहीवर आपला वचक बसवला. महादजींचे दुसरे अंग पुष्कळांना ठाऊक नसते. ते भाविक होते, कृष्णभक्तीची पदे स्वतः रचत आणि साधुसंतांना मान देत. त्यांचे मोठे सरदार जिवबादादा बक्षी मूळचे सोहिरोबांच्याच मुलुखातले. त्यांच्यामार्फत ग्वाल्हेरच्या बाजूला सोहिरोबांची आणि महादजींची भेट झाली.

या भेटीची कथा अशी सांगतात. महादजींनी आपली पदे मोठ्या हौसेने सोहिरोबांना दाखवली. आजूबाजूला सरदार, मानकरी, पंडित बसलेले. सगळे मान डोलवत होते. सोहिरोबांनी मान डोलवली नाही. पदांत त्यांना भक्तीपेक्षा कवीपणाचा डौल अधिक दिसला आणि त्यांनी तसे सांगितले. महादजींना राग आला. सभा गार पडली. ज्याच्या शब्दावर राज्ये हलत होती, त्याचा रोष ओढवून घेणे म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सोहिरोबांनी तिथेच एक हिंदी पद म्हटले. त्याचा आशय इतकाच, की ज्याला तुमच्याकडून काही नको आहे, त्याला तुमच्या रागाचे आणि लोभाचे काय. आणि ते उठून चालू लागले. पुढे महादजींचा राग निवळला आणि त्यांनी या साधूचा आदरच केला, असे सांगतात.

हा तोच माणूस, जो एकेकाळी दरबारचे बोलावणे आले म्हणून उन्हातान्हात धावत निघाला होता. सावंतवाडीच्या वाटेवर मनात होती ती धास्ती ग्वाल्हेरच्या सभेत उरली नव्हती. मधल्या तीसेक वर्षांत घडलेला बदल दाखवायला एवढे पुरेसे आहे. दरबार तसेच राहिले, किंबहुना मोठेच झाले. धास्ती गेली, कारण मनातली मुख्य जागा आता दुसऱ्या कोणाची होती.

शेवटी सोहिरोबा उज्जैनला स्थिरावले. महाकालाची ती नगरी, शिप्रेचा काठ, आणि नाथपंथाची तिथली जुनी परंपरा. तिथल्या मठात भजन आणि चिंतन चालू राहिले. १७९२ सालच्या रामनवमीला ते मठातून बाहेर पडले आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत, अशी परंपरा आहे. वय अठ्ठ्याहत्तर. बांद्यापासून हजार किलोमीटरहून दूर, आपल्या माळव्याच्या मातीत त्यांची वाट संपली. त्यांच्या पेडण्याने मात्र त्यांना विसरू दिलेले नाही. तिथल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी घरे इथे आली. आधीच्या पिढीने येताना ट्रंकांमध्ये फायली आणल्या, तसेच देवघरातले टाकही आणले. फायली केव्हाच निकाली निघाल्या. टाक अजून देवघरात आहेत, पण त्यांच्यासमोर आपण दिवसातून किती वेळ बसतो? पूजा उरकतो, आरतीची चित्रफीत काढतो, आणि ती पाठवता पाठवता आरती संपलेली असते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. कामे खरीच असतात, जशी बांद्याच्या कुळकर्ण्याचीही खरी होती.

सोहिरोबांचे चरित्र आपल्याला घरदार सोडायला सांगत नाही. त्यांनीही साक्षात्कारानंतर पंचवीस वर्षे ते सोडले नव्हते. ते फक्त वाटेत थोडे थांबायला सांगते. हे दहा दिवस आपण थांबतो. ढोल, नाटक, स्पर्धा, प्रसादाची पंगत, सगळे हवेच. पण अनंत चतुर्दशीला प्रेमपुऱ्याच्या किंवा खटलापुऱ्याच्या घाटावरून रिकामा पाट घेऊन आपण परतू आणि अकराव्या दिवशी नेहमीप्रमाणे कामाच्या घाईत असू, तेव्हा इन्सुलीची ती वाट आठवावी. कोणी समोर येऊन उभे राहिले, तर हातातला फणस त्याच्यापुढे करण्याइतकी सवड आपल्याजवळ असावी.

गणपती बाप्पा मोरया.