उपचार क्षयाचे, दुखणं मात्र पोटाचं? रामानुजन यांची विलायतेतली पाच वर्षं

मार्च १९१९मध्ये ‘नागोया’ बोट मुंबई बंदराला लागली. तिच्यातून उतरलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना घ्यायला आई आणि भाऊ आले होते. पाच वर्षांपूर्वी चांगल्या भरल्या अंगाने गेलेला मुलगा पार खंगून परत आला होता. वय अवघं ३१. रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले होते आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे पहिले भारतीय फेलोही. पण हा मान सोबत घेऊन आलेल्या माणसाला धड जेवणही जात नव्हतं.

पोटाची तक्रार त्यांना विलायतेत प्रथम लागली असं नाही. १९०६ साली कुंभकोणम सोडून मद्रासच्या पच्चय्यप्पा कॉलेजात गेले, तेव्हाच आमांशाने त्यांना इतकं पाडलं की शिक्षण टाकून घरी यावं लागलं. पुढे अंडवृद्धीची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात एकदा तर दुखणं इतकं वाढलं की आपल्या गणिताच्या वह्या त्यांनी एका मित्राच्या हवाली केल्या. आपलं काही बरंवाईट झालंच, तर त्या योग्य माणसाकडे जाव्यात म्हणून.

मग हार्डी यांचं बोलावणं आलं. समुद्र ओलांडायला घरचा विरोध होता, तो नामगिरी देवीचा कौल मिळाल्यावर मावळला. शेंडी कापली, साहेबी कपडे शिवले आणि १७ मार्च १९१४ला ते ‘नेवासा’ बोटीने मद्रासहून निघाले. बोटीचं नाव तरी आपल्या ओळखीचं! बरोबर काय नेलं, याच्या याद्या चरित्रांत सापडतात. पण जुना आमांश पोटातून पुरता गेला होता का, याची विचारपूस कोणी केली असेल असं वाटत नाही. तशी पद्धतच नव्हती.

ट्रिनिटीत राहायला खोली होती, पंगतीला जागा होती, पण तिथल्या जेवणाला ते हात लावेनात. भाज्यासुद्धा कुठल्या चरबीत शिजवतात याचा भरवसा काय? म्हणून खोलीतच गॅसच्या शेगडीवर भात-रसम करायचं. चिंच-मसाले मद्रासहून पार्सलाने येत. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि सगळंच अवघड होऊन बसलं. त्यात कामाची तऱ्हा अशी, की रात्रभर गणित करायचं आणि शेगडी पेटवायची दिवसातून एकदा, कधी दोन दिवसांतून एकदा. नाजूक पोटाच्या माणसाला हे कसं मानवावं? एकदा हौसेने पाहुणे जेवायला बोलावले. रसम दोनदा वाढून झालं, तिसऱ्यांदा पाहुण्यांनी नको म्हटलं, तर हे खोलीतून उठून गेले ते काही दिवस परतलेच नाहीत. आपल्या हातचं रांधलेलं नाकारलेलं त्यांना फार लागलं.

१९१७च्या वसंतात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आधी पोटातला व्रण म्हटलं, मग क्षय. जुनी शस्त्रक्रिया कर्करोगाची होती की काय, अशीही शंका एकाला आली. रक्तात विषबाधा झाल्याचंही म्हणून झालं. अखेर उपचार राहिला तो क्षयाचाच. त्या वेळी क्षयाचा इलाज म्हणजे मोकळी हवा. मॅटलॉकच्या आरोग्यधामात खिडक्या उघड्या आणि खोली गार. मद्रासच्या माणसाला ही शिक्षाच. जेवणही तोंडात घालवेना. १९१८च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, थोडक्यात वाचले. त्याच वर्षी मोठे मान मिळाले. १७२९ या टॅक्सीच्या आकड्याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही पटनीच्या शुश्रूषागृहातली, म्हणजे आजारपणातलीच.

१९९४मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी त्या आजाराच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की हा क्षय नसून अमिबाने यकृतात केलेला विकार असावा. आमांशाचा अमिबा आतड्यात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि नंतर यकृतात शिरतो. येणारा-जाणारा ताप, वेदना, खंगत जाणं, सगळं त्यात बसतं. आहे तर्कच, पण चटका लावणारा. कारण आमांशावर एमेटीनची सुई गुणकारी असल्याचं लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२मध्ये दाखवलं होतं, तेही आपल्याच कलकत्त्यात.

मद्रासला परतल्यावरही डॉक्टरांनी क्षयच धरला. जानेवारी १९२०मध्ये हार्डींना त्यांनी मॉक थीटा फलनांबद्दल पत्र लिहिलं. पाटी आणि कागद शेवटपर्यंत उशाशी होते. २६ एप्रिल १९२०ला चेटपेटमध्ये ते गेले. वय ३२.

शेवटच्या वर्षात पत्नी जानकी त्यांना ठरल्या वेळी भात, लिंबाचा रस, ताक देत. दुखू लागलं की पाय आणि छाती गरम पाण्याने शेकत. ऐन विशीत वैधव्य आलेल्या जानकी पुढे काही वर्षं भावाकडे मुंबईत राहिल्या, तिथे शिवणकाम शिकल्या आणि नंतर मद्रासला परतून त्यावरच पोट भरलं. शेकायचं पाणी ज्या दोन भांड्यांत तापवत, ती भांडी मात्र त्यांनी म्हातारपणापर्यंत सांभाळून ठेवली होती.